एकोणीस अंकांची एक संख्या

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत दाणे मांडावयाचे, ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकली असेल. या रीतीने एकसष्ट घरे भरली असता एकंदर दाणे किती होतील? २३०५८४३००९२१३६९३९५१. दोनाच्या एकसष्टाव्या घातातून एक वजा केला म्हणजे हेच उरते. लीलावतीत भास्कराचार्यांनी दिलेली स्थाननामे परार्धाशी, म्हणजे अठराव्या स्थानी, संपतात. ही संख्या त्याच्याही पुढे एक स्थान जाते.

परंतु मोठेपणा हा तिचा खरा गुण नव्हे. ती मूळसंख्या आहे. म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला निःशेष भाग जात नाही. पाच घरांचे दाणे ३१ आणि सात घरांचे १२७, याही मूळसंख्याच होत. यावरून कोणी म्हणेल की, घरांची संख्या मूळ असली म्हणजे दाण्यांचीही मूळच असावयाची. तसे नाही. अकरा घरांचे दाणे २०४७ होतात, आणि २३ ला ८९ ने गुणिले असता २०४७ च येतात. पाटीवर करून पाहावे.

फ्रान्स देशातील मारँ मेर्सेन नामक मठवासी विद्वानाने १६४४ साली २५७ पर्यंतच्या कोणकोणत्या घातांपासून अशा मूळसंख्या मिळतात याची यादी छापिली. तीत ६७ होते, ६१ नव्हते. एवढ्या मोठ्या संख्या ताडून कोण पाहणार? दोनशेंहून अधिक वर्षे ६१ ची चूक तशीच राहिली. (छापील अक्षर दिसले की मान तुकविण्याची सवय आम्हांसही आहेच.) शेवटी १८८३ साली ती ज्याने उघड केली तो कोणा विद्यापीठाचा अध्यापक नव्हता, रशियातील पेर्म प्रांतात खेड्यांतील मंडळ्यांची सेवा करणारा इव्हान पेर्वूशिन नावाचा धर्मगुरू होता. आपले नित्याचे काम सांभाळून, यंत्रावाचून, त्याने ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले.

६७ ची गोष्ट उलट झाली. ती संख्या मूळ नाही हे एदुआर ल्यूका याने १८७६ साली दाखविले, पण तिचे अवयव त्यास सापडले नव्हते. ते १९०३ साली अमेरिकेतील फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

अवयव न शोधता निर्णय कसा लागतो? साध्या भागाकाराने जावे तर आमच्या संख्येसाठी १५१ कोटींपर्यंतचे भाजक तपासावे लागतील. ल्यूकाच्या विचारातून निघालेली, आणि लेमर यांनी १९३० साली नीट मांडलेली, रीत अशी: ४ घ्यावे. त्याचा वर्ग करून २ वजा करावे, व संख्येने भागून बाकी ठेवावी. त्या बाकीवर पुन्हा तेच करावे. घरांच्या संख्येहून दोन कमी इतक्या पायऱ्या झाल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, न आली तर नव्हे. (दोन घरांच्या ३ या संख्येस ही रीत लावू नये.) ३१ साठी तीन पायऱ्या: पहिलीत १४, दुसरीत १९४, त्याची बाकी ८, तिसरीत ६२, त्याची बाकी शून्य. एकसष्ट घरांसाठी एकोणसाठ पायऱ्या लागतात. आजचे गणकयंत्र त्या क्षणात उरकते. हाताने करणाऱ्यास प्रत्येक पायरीस एकोणीस अंकी संख्येने भागावे लागेल, आणि एक अंक चुकला की पुढील सर्व श्रम व्यर्थ.

वाचकांनी १२७ वर ही रीत चालवून पाहावी. पायऱ्या पाच आहेत. तिसरीत ४२ व चौथीत १११ बाकी आली पाहिजे. पाचवीत शून्य न आल्यास आपला गुणाकार पुन्हा तपासावा.