विडी ओढता का, एवढंच विचारलं

छातीत पाणी झालं की आपल्याकडे शिक्का ठरलेला, टीबी. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या पाठीतून सुईने बाटलीभर पाणी काढलं. रिपोर्ट आला: कॅन्सरच्या पेशी नाहीत, एडीए हे विकर जरा वाढलेलं. कफात जंतू नाही, पाण्यात जंतू नाही, सीबीनॅट चाचणीही निगेटिव्ह. तरी त्याच दिवशी टीबीच्या गोळ्या सुरू. "मग टीबी कशावरून, डॉक्टर?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, गूगल वाचून आलात का?" गूगल नव्हे, त्यांच्याच लॅबचा कागद वाचून विचारत होते.

टीबीच्या पाण्यात जंतू पुष्कळदा सापडत नाहीत आणि म्हणून डॉक्टर एडीएवर भिस्त ठेवतात, हे मला मान्य आहे. पण छातीत पू झाला, लिम्फोमा असला, कधीकधी फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर असला तरीही एडीए वाढतं. गोळ्या घेऊन अण्णांची लघवी लाल झाली, भूक गेली, आणि पाणी पुन्हा भरलं. त्यावर उत्तर काय, तर "कोर्स पूर्ण करा." कॅन्सरचा विषय त्यांनी एकाच प्रश्नात मिटवला होता: "काका, विडी-सिगरेट?" अण्णांनी जन्मात विडी ओढली नाही.

शेवटी सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण निवासी डॉक्टर मुलीने सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरली. फुप्फुसाच्या आवरणावर गाठीगाठींचा जाड थर, तोही आत हृदयाच्या बाजूपर्यंत; खाली छाती-पोटामधल्या पडद्यावर चुन्यासारखे पांढरे चट्टे. तिने फिल्म खाली ठेवली आणि विचारलं, "आजोबा, काम काय करायचात?"

"मिलमध्ये होतो, बाळ."

"कुठल्या खात्यात?"

"बॉयलरवर."

मग अण्णांनी हातांनी करून दाखवलं. गोणीतली पांढरी पूड घमेल्यात ओतायची, पाणी घालून भाकरीचं पीठ मळावं तशी उघड्या हातांनी मळायची आणि वाफेच्या पाइपांवर थापायची. जुनं लेपन फोडताना धुरळा एवढा उडायचा, की पलीकडचा माणूस दिसत नसे. ती पूड ॲस्बेस्टॉसची. १९८२च्या गिरणी संपानंतर अण्णा मिलमध्ये परतले नाहीत, पण ते तंतू छातीत राहिले. या तंतूंचा रोग तीस-चाळीस वर्षांनीही उगवतो. ती मुलगी ऐकत होती आणि मी मनात त्या पहिल्या डॉक्टरांच्या फीच्या पावत्या मोजत होते.

दुर्बीण घालून आवरणाचा तुकडा काढला. निदान मेसोथेलियोमा, म्हणजे आवरणाचा कॅन्सर. त्याचा विडीशी संबंध नाही. नुसतं पाणी तपासून तो पुष्कळदा हाती लागत नाही. तुकड्यावरही आवरणाचा मेसोथेलियोमा आणि फुप्फुसातून पसरलेला ॲडिनोकार्सिनोमा दिसायला सारखे असू शकतात. मग रंगद्रव्यांच्या चाचण्या लागतात: कॅल्रेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह, टीटीएफ-१ निगेटिव्ह, असा अण्णांचा रिपोर्ट होता. टीटीएफ-१ पॉझिटिव्ह असतं तर बोट फुप्फुसाकडे गेलं असतं. आवरणाची प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, हेही तिथेच कळलं. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर नावाची गाठ बहुधा निरुपद्रवी असते आणि काढली की बहुतेकदा काम भागतं.

फुप्फुसातल्या गाठींचं आणखी वेगळं. स्मॉल सेल जवळजवळ नेहमी धूम्रपान करणाऱ्यांना होतो आणि झपाट्याने पसरतो. स्क्वॅमसही बहुधा त्यांनाच, मोठ्या श्वासनलिकांजवळ. थुंकीतून रक्त पडलं तर थांबू नका. ॲडिनोकार्सिनोमा मात्र कधीही न ओढणाऱ्या बायकांनाही होतो, आणि त्यात ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल तपासल्याशिवाय केमो सुरू करू देऊ नका, कारण बदल सापडला तर गोळ्यांवर भागू शकतं. शेंड्याची गाठ खांदा आणि हात दुखवते. लोक स्पॉन्डिलायटिस म्हणून मलमं चोळत बसतात. पेट स्कॅन चमकला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. टीबीही चमकतो.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा पाजा आणि बायॉप्सी करून घ्या. लॅबकडून मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. दुसरं मत त्यावरच मिळतं. जंतू न सापडता टीबीचं औषध दिलं असेल, तर किती दिवसांत फरक दिसायला हवा आणि नाही दिसला तर पुढे काय, हे पहिल्याच दिवशी विचारा. मोठ्या आवाजात विचारा. 

आणि घरात कोणी मिलमध्ये, गोदीत, जहाजतोडणीत, पत्र्यांच्या कारखान्यात राबलं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता केसपेपरवर खात्याचं नाव लिहून घ्या. त्या माणसाचे कपडे झटकून धुणाऱ्या बाईच्या केसपेपरवरही. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलियोमा कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत आहे, पण खातं कागदावर सिद्ध व्हावं लागतं. अण्णांच्या पगाराच्या पावत्या आईने जपल्या होत्या. आता मिलच्या जागी टॉवर आहे आणि माझा अर्ज या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतो आहे. पहिल्या डॉक्टरांना बायॉप्सीच्या रिपोर्टची प्रत मी रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोच आली, उत्तर नाही.