पहिला कॅमेरा कसा निवडावा?



वार्षिक परीक्षा संपून सुटी लागावयाची झाली कीं, दोन-चार विद्यार्थी माझ्याकडे येऊन एकच प्रश्न विचारतात, "सर, मला फोटो काढण्याचा नाद लागला आहे; कोणता कॅमेरा घेऊं?" त्यांनीं बहुधा एखादी जाहिरात पाहिलेली असते व तींतील मोठमोठे आंकडे त्यांना तोंडपाठ असतात. मागाहून एखादे वेळीं त्यांचे वडील भेटतात व हलक्या आवाजांत म्हणतात, "मास्तर, एवढे पैसे खरोखरच घालावे लागतात काय?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचें उत्तर मात्र जाहिरातींत नसून, कॅमेरा आपलें काम कसें करतो या ज्ञानांत आहे. म्हणून आधीं त्याचाच थोडा विचार करूं.

कॅमेरा म्हणजे काय?

कॅमेरा म्हणजे एक अंधारी पेटी. जोड्याचा रिकामा खोका घ्या. त्याच्या एका बाजूस टांचणीनें बारीक भोंक पाडा, व समोरची बाजू कापून तेथें तेल लाविलेला पातळ कागद चिकटवा. डोक्यावरून काळें कापड घेऊन तो खोका उन्हांतील झाडाकडे धरा. कागदावर तें झाड खालीं शेंडा व वर बुंधा असें उलटें उमटलेलें दिसेल. कारण प्रकाश सरळ रेषेंत जातो. हाच कॅमेरा. फक्त भोंक बारीक असल्यामुळें चित्र अंधुक येतें. भोंकाच्या जागीं भिंग बसविलें म्हणजे वाट रुंद करूनहि चित्र रेखीव राहतें, व कागदाच्या जागीं प्रकाश टिपणारें पटल ठेविलें म्हणजे तें कायम राहतें.

फ्रान्समधील नीप्स यांनीं १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकींतून दिसणारीं छपरें टिपलीं, तेव्हां त्या एका चित्रास कित्येक तास लागले. १९७५ सालीं अमेरिकेंत स्टीव्हन सॅसन यांनीं फिल्मविना चालणारा पहिला डिजिटल कॅमेरा बनविला; त्याच्या चित्रांत अवघे १०,००० बिंदु होते व तें फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज तेंच काम डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं होतें. साधनें बदललीं, परंतु प्रश्न तोच राहिला: पुरेसा प्रकाश आंत कसा घ्यावा?

प्रकाशाचें माप

नळाखालीं घागर धरिली तर ती दोन गोष्टींवर भरते: नळ किती उघडला व किती वेळ उघडा ठेविला. कॅमेऱ्यांतहि तसेंच आहे. भिंगांतील छिद्र हा नळ, व शटर म्हणजे वेळ मोजणारी झडप. छिद्राचें माप २.८, ४, ५.६, ८, ११ अशा आंकड्यांनीं सांगतात. आंकडा जितका मोठा, तितकें छिद्र लहान. व या मालिकेंतील प्रत्येक पुढच्या आंकड्यास प्रकाश निम्मा होतो. झडपेचा वेळ सेकंदाच्या अंशांत असतो. १/२५० सेकंदांत चालणारा मनुष्य स्पष्ट उमटतो. १/८ सेकंदांत मान हलविणारा मनुष्यहि पुसट होतो. याखेरीज पटलाची ग्राहकता वाढविण्याची सोय असते. तिला आयएसओ म्हणतात. ती वाढविली कीं थोड्या प्रकाशांतहि काम भागतें, परंतु अति वाढविल्यास चित्र रवाळ दिसूं लागतें.

हें सर्व मला आज सांगतां येतें. पण नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं मीं हप्त्यांनीं कॅमेरा घेतला, तेव्हां मला यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. दुकानदारानें सर्वांत मोठा आंकडा दाखविला व मीं तो घेतला. सोबतचें माहितीपुस्तक पेटींतच राहिलें. त्याच वर्षीं माझे वडील गांवाहून आले. संध्याकाळीं ओटीवर बसून ते माझ्या लहान पुतणीशीं बोलत असतां मोठ्यानें हंसले, व मीं दुरूनच, भिंग लांब करून, बटण दाबलें. तें त्यांचें हंसतांनाचें एकच चित्र. पुढच्या पावसाळ्यांत ते वारले. चित्रांत त्यांचा सदरा ओळखूं येतो, मागची खिडकी दिसते. चेहऱ्याच्या जागीं मात्र एक पुसट पट्टा आहे.

त्या चित्राचे आंकडे कॅमेऱ्यानें नोंदून ठेविले होते. ते पुष्कळ वर्षांनीं मीं वाचले: छिद्र ५.६, वेळ १/८ सेकंद. चूक वडिलांच्या हलण्याची नव्हती व कॅमेऱ्याचीहि नव्हती. मीं भिंग लांब न करितां चार पावलें पुढें गेलों असतों, तर त्याच भिंगाचें छिद्र ३.५ झालें असतें व प्रकाश अडीचपट मिळाला असता. आयएसओ चौपट केला असता, तर वेळ आणखी चौपट घटला असता. आणि मोठ्या आंकड्याऐवजीं साधा कॅमेरा व १.८ छिद्राचें एक लहान भिंग घेतलें असतें, तर प्रकाश जवळजवळ दहापट, म्हणजे १/८ च्या जागीं सुमारें १/८० सेकंद! तेवढ्यांत तें हंसणें पकडलें गेलें असतें.

आंकड्यांची भूल

जाहिरातींतील मेगापिक्सेल म्हणजे चित्रांतील बिंदूंची संख्या, दर दहा लाखांस एक. ६ इंच लांब व ४ इंच रुंद असा नेहमींचा फोटो इंचास ३०० बिंदु धरून छापला, तर १,८०० गुणिले १,२०० म्हणजे २१,६०,००० बिंदु पुरतात. सवादोन मेगापिक्सेलहि लागत नाहींत. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांतून २० इंच रुंदीचें चित्र निघतें. तेव्हां या आंकड्यासाठीं अधिक पैसे मोजूं नयेत. त्यापेक्षां पटलाचा आकार पाहावा. पूर्ण आकाराचें पटल ३६ गुणिले २४ मिलिमीटर असतें. एपीएस-सी नांवाचें सुमारें २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर; बहुतेक मोबाइलांतील पटल याहून कित्येक पटींनीं लहान. नवशिक्यास एपीएस-सी पुरेसें होतें, व त्याचे कॅमेरेहि तुलनेनें स्वस्त मिळतात.

निवड करितांना

पहिली गोष्ट, छिद्र, वेळ व आयएसओ हे तिन्ही आपल्या हातानें बदलतां येतात कीं नाहीं तें पाहावें. येत नसतील तर तो कॅमेरा चित्रें काढील, पण विद्यार्थ्यास शिकविणार नाहीं. दुसरी गोष्ट, सर्व पैसे पेटींत घालूं नयेत. भिंगासाठीं वेगळे काढून ठेवावेत. घरांतील माणसें टिपावयाचीं असतील, तर एपीएस-सी कॅमेऱ्यास ३५ मिलिमीटरचें मोठ्या छिद्राचें भिंग बरें. किल्ले, शेतें, देखावे यांस सोबत मिळणारें १८ ते ५५ मिलिमीटरचें भिंग व एक मजबूत तिपाई पुरते. पक्ष्यांना फार लांब पल्ल्याचें भिंग लागतें व तें महाग असतें. तो नाद पुढें करावा. तिसरी गोष्ट, कॅमेरा हातांत धरून पाहावा. जड म्हणून कपाटांत राहणारा उत्तम कॅमेरा, खांद्यावर असणाऱ्या साध्या कॅमेऱ्यापुढें फुकट होय.

एका भिंगानें काय होणार, असें कोणी म्हणेल. वृत्तपत्रांसाठीं छायाचित्रें काढणाऱ्या पहिल्या भारतीय महिला होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांनीं वापरलेल्या कॅमेऱ्यांत रोलायफ्लेक्स होता. त्याचें चित्र घेणारें भिंग एकच, तेंहि न बदलतां येणारें. दूरचें जवळ आणावयाचें तर स्वतः जवळ जावें लागे.

वापरलेला कॅमेरा घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र भिंगांतून विजेरीचा प्रकाश पाडून आंत बुरशीचे धागे नाहींत याची खात्री करावी. पांढऱ्या भिंतीचें चित्र छिद्र १६ ठेवून काढावें. काळे ठिपके दिसल्यास पटलावर धूळ आहे असें समजावें. बॅटरी नवी मिळते कीं नाहीं तेंहि विचारावें. आपल्याकडील, विशेषतः कोंकणांतील पावसाळा भिंगांचा वैरी आहे. चार महिने कॅमेरा कातडी पिशवींत कोंडूं नये, तर घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा व अधूनमधून उन्हाच्या दिवशीं बाहेर काढून वापरावा.

आधीं एक महिना

पालकांस माझी विनंती अशी कीं, मुलाच्या हट्टास लगेच होकार देऊं नये व नकारहि देऊं नये. महिनाभर त्यास घरचा मोबाइल द्यावा, व अट घालावी कीं, एका दिवसांत बारा चित्रें, अधिक नाहींत. आपल्या वडीलधाऱ्यांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यांत एका रिळावर बाराच चित्रें बसत, म्हणून प्रत्येक चित्रापूर्वीं विचार होई. प्रत्येक चित्राखालीं वहींत लिहावें: प्रकाश कोठून येत होता, मी किती दूर होतों, काय बिघडलें. महिन्याअखेर ज्याची वही भरलेली असेल, त्याला कोणता कॅमेरा हवा हें मला विचारावें लागणार नाहीं. तें त्याच्या वहींतच लिहिलेलें सांपडेल. ज्याची वही कोरी राहिली, त्याच्या वडिलांचे पैसे वांचले.

आणि मुलांनो, त्या बारांतील एक चित्र रोज आपल्या घरच्या वडील माणसांचें काढा. मात्र चार पावलें पुढें जाऊन काढा.