सात स्थानकं की तीन?

प्रश्न : मुलगी टोरोंटोच्या स्कारबरो भागात राहते. तिथे लाइट रेल रद्द करून भुयारी मेट्रो बांधतायत. उपनगराला मेट्रोच बरी ना?

उत्तर : माझ्या मते तिथे लाइट रेलच योग्य होती. 2013 मध्ये महापालिकेने बाजूला सारलेल्या त्या योजनेत सात स्थानकं होती, मेट्रोच्या 7.8 किलोमीटरच्या विस्तारात तीनच आहेत. लाइट रेल म्हणजे रस्त्यात अडकणारी ट्राम, हा समज इथे लागूच नव्हता. 1985 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या जुन्या रेल्वेगाडीच्या स्वतंत्र मार्गावरूनच ती मुख्यतः जाणार होती. ना सिग्नल, ना मोटारी. मेट्रोचा एक फायदा मात्र खरा: केनेडी स्थानकावर लाइट रेलमधून उतरून मेट्रो पकडावी लागणार नाही. कडाक्याच्या थंडीत, कडेवर मूल घेऊन जिने चढणाऱ्या बाईला विचारा. पण स्थानकच लांब असेल तर आधी बस आलीच. शिवाय भुयाराला वर्षानुवर्षं लागतात. मेट्रो तयार होण्याआधीच, जुलै 2023 मध्ये, जुन्या गाडीचा शेवटचा डबा घसरला, मार्ग कायमचा बंद झाला आणि प्रवासी बसवर आले. मुलीला तिथे घर घ्यायचं असेल, तर नकाशावरची रेघ पाहून ठरवू नका; लॉरेन्स, स्कारबरो सेंटर, शेपर्ड यांपैकी एखादं स्थानक चालत किती मिनिटांवर येईल, ते पाहा.