वस्तुचित्राचा पाठ : तांब्या

प्राथमिक शाळेतील चित्रकलेच्या तासाला पुष्कळदा असे घडते की, शिक्षक फळ्यावर तांब्या काढतात, मुले तो पाहून पाटीवर उतरवितात आणि तास संपतो. चाळीस पाट्यांवर चाळीस सारखे तांब्ये दिसतात. वर्ग शांत असतो, काम नीटनेटके दिसते. परंतु त्या चाळिसांपैकी एकाही मुलाने खरा तांब्या पाहिलेला नसतो. त्यांनी पाहिलेला असतो तो शिक्षकांचा खडू. वस्तुचित्राचा हेतू हाताला वळण लावणे एवढाच नसून डोळ्याला पाहावयास शिकविणे हा आहे. क्रमाक्रमाने चित्र काढण्याची पद्धत चांगलीच आहे. मात्र तो क्रम पाहण्याचा असावा, नकलेचा नसावा.

पूर्वतयारी. शाळेतीलच एक तांब्या घ्यावा. मुलांना घरून भांडी आणावयास सांगू नये. कोणाच्या घरी पितळेचे, कोणाच्या घरी स्टीलचे, तर कोणाच्या घरी पोचे आलेले असेल, आणि चित्राच्या तासाला गरिबीचे प्रदर्शन घडेल. तांब्या टेबलावर न ठेवता मुलांच्या समोर जमिनीवर, बसावयाच्या पाटावर ठेवावा. याचे कारण ध्यानात घ्यावे. जमिनीवर बसलेल्या मुलाचा डोळा टेबलाच्या खालीच राहतो. त्याला तांब्याचे तोंड दिसतच नाही. शिक्षकांना ते उभ्याने दिसते व ते तसे फळ्यावर काढतात. मुलाला जे दिसत नाही, तेच काढावयास आपण सांगत असतो! म्हणून पाठाच्या आरंभी शिक्षकांनी एकदा मुलांच्या रांगेत बसून तांब्या पाहावा.

पायरी पहिली : निरीक्षण. पाच मिनिटे पाटीला हात लावू देऊ नये. तांब्या हातोहात फिरवावा. प्रश्न विचारावेत : सर्वांत रुंद भाग कोणता? सर्वांत अरुंद कोणता? काठ बाहेर वळला आहे की सरळ आहे? काठ, गळा, पोट, बूड हे शब्द मुलांकडूनच यावेत.

पायरी दुसरी : मोजमाप. दोन पाट्या तांब्याच्या दोन्ही बाजूंना टेकवून उभ्या धराव्यात आणि त्यांमधील अंतर दोऱ्याने मोजावे. ती पोटाची रुंदी झाली. तोच दोरा उंचीला लावून पाहावा. उंची अधिक की रुंदी, हे मुलांनी स्वतः ठरवावे. चौथीच्या मुलांना हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घेण्याची रीत दाखवावी.

पायरी तिसरी : मध्यरेषा. पाटीवर एक पुसट उभी रेघ काढवावी. तिच्यावर उंचीच्या खुणा कराव्यात. नंतर काठ, गळा, पोट व बूड यांच्या ठिकाणी आडव्या रेघा, डावीकडे जितक्या तितक्याच उजवीकडे, काढाव्यात. आता या रेघांची टोके वळणदार रेषेने जोडली की तांब्या आकारास येतो.

पायरी चौथी : तोंड आणि बूड. येथे बहुतेक मुले अडखळतात. तोंड पूर्ण वाटोळे काढतात आणि बूड सपाट. ही चूक समजून रागावू नये. तोंड वाटोळे आहे हे मूल जाणते आणि जाणते तेच काढते. बालचित्रांचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सुमारे सात ते नऊ वर्षांच्या मुलांचे हे वैशिष्ट्य विस्ताराने मांडले आहे. म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांना येथेच थांबू द्यावे. तिसरी-चौथीसाठी एक बांगडी घ्यावी. ती डोळ्यांसमोर आडवी धरली की सरळ रेघ दिसते. हळूहळू खाली न्यावी. ती लंबवर्तुळ होते, आणि जितकी खाली जाईल तितकी रुंद उघडते. तांब्याचे तोंड डोळ्याला जवळच्या पातळीवर, बूड त्याहून खाली; म्हणून तोंडाच्या वळणापेक्षा बुडाचे वळण अधिक गोलाकार दिसते. बांगडीने हे दोन मिनिटांत पटते. शब्दांनी तासभर सांगूनही पटत नाही.

पायरी पाचवी : पडताळा. कागदावर चित्र असल्यास मध्यरेषेवर घडी घालून उजेडासमोर धरावे. दोन्ही बाजू जुळतात की नाही ते कळते. पाटी असल्यास उलटी धरून पाहावी. दोष मुलाला स्वतःच दिसतो. शिक्षकांनी मुलाच्या चित्रावर आपला हात चालवू नये.

फळ्याचा उपयोग मग कशासाठी करावा? फळ्यावर तांब्या नव्हे, तर घागर काढून दाखवावी. पायऱ्या त्याच, प्रमाण निराळे. दाखवून झाल्यावर ती पुसून टाकावी. मुलाला रीत मिळते, नक्कल करावयास चित्र मिळत नाही.

चित्र तपासताना ते आपल्या चित्रासारखे आहे काय, असे न पाहता तीन गोष्टी पाहाव्यात : रुंद-अरुंद भाग ओळखले आहेत काय? उंची-रुंदीचे प्रमाण साधले आहे काय? या तांब्याची एखादी खास खूण टिपली आहे काय? तांब्याला पोचा असेल व एखाद्या मुलाने तो काढला असेल, तर त्याची रेषा वाकडी असली तरी ते चित्र वर्गासमोर धरावे. त्या मुलाने खरोखर पाहिले आहे.

पुढे माध्यमिक शाळेत काही मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतील. तेथे वस्तुचित्र हा विषय असतोच. परंतु बहुसंख्य मुले बसणार नाहीत. त्यांच्यापैकी कोणी सुतार होईल, कोणी शिवणकाम करील, कोणी शेतात बांधाची रेषा आखील. त्यांना तांब्याचे चित्र नव्हे, तर मोजणारी नजर उपयोगी पडेल. आणि “मला चित्र येत नाही” हे वाक्य मूल आठव्या-नवव्या वर्षी एकदा बोलू लागले, की ते बहुधा जन्मभर बोलत राहते. ते वाक्य त्याच्या तोंडी येऊ न देणे हे सर्वस्वी आपल्या हाती आहे.