उपसा करणारे जंतु

आपल्या दोंडाईचा परिसरांत उन्हाळ्यांत विहीर खणण्याचें काम तुम्हीं पाहिलें असेल. झरा लागला कीं पाणी चहूंकडून पाझरूं लागतें. मग पंप बसवून उपसा चालू ठेवावा लागतो. उपशाचा जोर झऱ्याहून अधिक असेल तोंवर मजूर आंत काम करूं शकतात. झऱ्याचा जोर वाढला तर मात्र त्यांना वर यावें लागतें. हें चित्र ध्यानांत ठेवा. कारण डोळ्यांस न दिसणारे जंतुही औषधापासून आपला बचाव कांहींशा याच रीतीनें करतात.

जंतूंस मारणारें अथवा त्यांची वाढ थांबविणारें औषध म्हणजे प्रतिजैविक. यांपैकीं पुष्कळ औषधांस जंतूच्या पेशींत शिरून तेथें पुरेशा प्रमाणांत सांचावें लागतें. १९८० सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथें लॉरा मॅकमरी, स्टुअर्ट लेव्ही व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, टेट्रासायक्लिनला न जुमानणारे ई. कोलाय जंतु तें औषध आंत आलें तरी बाहेर फेकून देतात. पेशीच्या पडद्यांत बसलेलीं प्रथिनें हें काम करतात. त्यांस आपण उपसा-पंप म्हणूं.

ई. कोलायच्या एसीआर-बी नांवाच्या पंपाची रचना मोठी कौतुकाची आहे. त्यांत तीन सारखे भाग असतात. एक औषध आंत घेतो, दुसरा घट्ट धरतो, तिसरा बाहेर ढकलतो; आणि मग ते आपापलीं कामें पाळीपाळीनें बदलतात. २००६ सालीं जपान व स्वित्झर्लंड येथील शास्त्रज्ञांनीं ही क्रिया उलगडली. या पंपास तेल लागत नाहीं कीं वीज लागत नाहीं. पडद्याबाहेरचे प्रोटॉन आंत येतांना त्यांच्या ओघावर तो पाणचक्कीप्रमाणें चालतो. औषधें जन्मण्यापूर्वींही हा पंप होताच. आंतड्यांतील पित्तापासून जंतूचें रक्षण करणें हें त्याचें एक नित्याचें काम. एकच पंप अगदीं निराळ्या जातीचीं औषधेंही बाहेर टाकतो, हेंच त्याचें सामर्थ्य.

क्षयाच्या जंतूंतही असे पंप आहेत. औषधास दाद न देणारा क्षय मुख्यतः जंतूच्या जनुकांतील बदलांमुळें होतो. परंतु तोंवर तग धरण्यास पंप जंतूस सवड देऊं शकतात. बेडाक्विलिन हें नवें औषध भारतांत २०१६ सालापासून निवडक रुग्णांस मिळूं लागलें. क्षयजंतूचा एक पंप तें बाहेर टाकतो. एरवीं एक प्रथिन त्या पंपावर लगाम ठेवतें. त्या प्रथिनाच्या जनुकांत बिघाड झाला कीं पंप बेसुमार तयार होतात, आणि बेडाक्विलिनबरोबर कुष्ठरोगावरील क्लोफाझिमाईनचाही जोर ओसरतो. बिघाड एक, नुकसान दोन औषधांचें!

हें संकट आपणांपासून दूर नाहीं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं चार क्षयरोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या जंतूंनीं तपासलेल्या एकाही औषधास दाद दिली नव्हती. त्यांपैकीं तिघांस पूर्वीं अनेक ठिकाणीं, देखरेखीवांचून, एकेक औषध वाढवीत व बऱ्याच वेळां चुकीच्या प्रमाणांत उपचार मिळाले होते.

आतां पुन्हां विहिरीकडे वळूं. अपुरी मात्रा म्हणजे मंद झरा. जंतूचा पंप तो सहज पेलतो, आणि जे जंतु अधिक बळकट तेच मागें उरून वाढतात. साध्या क्षयाचे उपचार सहा महिने चालतात. रोग्यास मात्र थोड्याच आठवड्यांत बरें वाटूं लागतें. घात होतो तो येथेंच!

म्हणून पालकांस नम्र विनंति आहे: खोकला थांबला म्हणून क्षयाच्या गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नका. डॉक्टरांस न विचारतां दुकानांतून दोन गोळ्या आणूं नका, व फडताळांत उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यास देऊं नका. सर्दीपडसें बहुधा विषाणूंमुळें होतें. त्यावर हीं औषधें चालत नाहींत. आणि मुलांनों, घरीं आजीआजोबांस औषधाच्या वेळेची आठवण देण्याचें काम तुम्हीं पत्करा. वाचलेला धडा असा उपयोगीं पडला, तरच तो खरोखर शिकलों असें म्हणतां येईल.