एप्रिलमध्ये काय करता?

पुण्यात टेकडीवर झाडं लावणाऱ्या एका गटात मी काही वर्षं होतो. पाऊस लागलेला नसायचा, तरी ५ जूनची, पर्यावरण दिनाची तारीख गाठायची म्हणून रोपं लागायची, फोटो निघायचे. दिवाळीनंतर तिकडे फिरकणारे चार-दोनच उरायचे आणि होळीपर्यंत बहुतेक रोपांच्या काटक्या व्हायच्या. पुढच्या जूनला त्याच खड्ड्यांत नवी रोपं.

म्हणून कुठल्या गटात जावं असं कुणी विचारलं, की मी त्यांना गटाला एक प्रश्न विचारायला सांगतो : एप्रिलमध्ये काय करता? खरं काम करणारे लगेच पाणी, आळी, वणवा आणि तो अडवणाऱ्या जाळरेषा यांवर बोलू लागतात. टँकर कुठवर चढतो आणि तिथून पुढे कॅन कोण उचलतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. बाकीचे किती हजार रोपं लावली ते सांगतात. किती जगली, ते मात्र विचारू नये!

रोपांची नावंही विचारा. इथल्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प भरपूर लावलं गेलं. मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं हे झाड झटपट वाढतं, पण त्याच्या दाटीत दुसरं फारसं काही उगवत नाही. यादीत धावडा, सालई, मेडशिंगी, खैर दिसले तर टेकडी ओळखणारं कुणीतरी तिथे आहे असं समजा.

खड्डा कुठे खणताय, यात तर भल्याभल्यांची गल्लत होते. झाड नाही म्हणजे जागा ओसाड, असं नसतं. पुण्याच्या पूर्वेचा माळ उन्हाळ्यात उघडाबोडका दिसतो, पण तिथे लांडगा, खोकड, चिंकारा राहतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठीच राखलेलं आहे. टिटवी, धाविक, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, तीही बऱ्याचदा आपल्या खड्डे खणायच्या दिवसांतच. जेसीबीने चर मारून ‘हरित पट्टा’ केला की हे सगळं जातं, वर सत्कारही होतो. आमच्या बैठकीत मी हा मुद्दा काढला तेव्हा ‘झाडांना विरोध करणारा निसर्गप्रेमी’ म्हणून हशा पिकला. अशा ठिकाणी वाद घालत बसू नये, दुसरा गट बघावा.

वनखात्याच्या जमिनीवर काम असेल तर परवानगीचं पत्र आणि गटाला वर्गणी दिली तर तिची पावती, दोन्ही निःसंकोच मागा.

नवख्यांनी सुरुवात कुदळीपेक्षा नोंदवहीने करावी. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबरला राज्यात पक्षी सप्ताह असतो. तेव्हा जाणत्या माणसांबरोबर फिरायला मिळतं. शिवाय जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि पालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावची मागून बघा. ती एकदा भरून कपाटात गेलेली असेल, तर तिच्यात भर घालायला दोन-तीन माणसं पुरतात. समितीवर कोण आहे ते कार्यालयात विचारलं की कळतं.