कल्याणच्या पलीकडून आवाजाच्या कामाकडे



मराठी-हिंदी आवाजाच्या कामाचा बाजार आजही मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, मुख्यतः अंधेरी ते मालाड या पट्ट्यात भरतो. डबिंगचे बहुतेक स्टुडिओ, जाहिरातींचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या खोल्या आणि कामे वाटणारे कोऑर्डिनेटर तिथेच आहेत. कल्याणपलीकडचे बदलापूर मात्र छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे, अंबरनाथ आणि उल्हासनगर त्याच्या किंचित अलीकडे. जून २०१४ मध्ये घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू होईपर्यंत या तिन्ही गावांतल्या कलाकाराला दादरला उतरून पश्चिम रेल्वे गाठावी लागे. आता घाटकोपरला गाडी बदलली की अंधेरी जवळ येते. तरीही एका फेरीचे दोन तास धरूनच चालावे, आणि शिफ्ट रात्री लांबली तर परतीच्या शेवटच्या लोकलचा हिशेब स्टुडिओत शिरण्यापूर्वीच करावा.

या अंतराचा खरा तोटा प्रवासाच्या शिणापेक्षा वेगळा आहे. या व्यवसायात कामाची जाहिरात सहसा निघत नाही. एखाद्या दाक्षिणात्य चित्रपटाचे मराठी डबिंग सुरू होते आहे, एखाद्या मालिकेत जमावाचे आवाज हवे आहेत, अमुक निर्मात्याने मागच्या कामाचे पैसे अजून दिलेले नाहीत, या गोष्टी स्टुडिओच्या बाहेर चहा पिताना आणि कोऑर्डिनेटरच्या फोनवर कळतात. कल्याणच्या पुढे राहणाऱ्यापर्यंत त्या उशिरा आणि अर्ध्यामुर्ध्या पोहोचतात. म्हणून व्यवसायातल्या बातम्या जाणीवपूर्वक मिळवणे हा इथल्या कलाकाराच्या कामाचाच भाग ठरतो. रियाजाइतकाच.

कामाचे प्रकार आधी वेगळे ओळखावेत. व्हॉइसओव्हर म्हणजे चित्राच्या सोबतीने चालणारे निवेदन: जाहिरात, माहितीपट, कंपनीची फिल्म, प्रशिक्षणाचे धडे. डबिंगमध्ये पडद्यावरच्या दुसऱ्याच्या ओठांशी आपले बोलणे जुळवावे लागते. श्वास, थांबा, हुंकार, सगळे त्याचे, फक्त आवाज आपला. बोलती पुस्तके हा तिसरा प्रकार. ‘स्टोरीटेल’ ही अशी पुस्तके ऐकवणारी सेवा २०१७ च्या अखेरीस भारतात आली ती मराठी पुस्तके सोबत घेऊनच, आणि तेव्हापासून मराठीतून वाचणाऱ्या कलाकारांना तासन्‌तास वाचनाचे काम मिळू लागले. या तिसऱ्या कामात आवाजाच्या गोडव्यापेक्षा दम आणि समज यांची किंमत जास्त असते. डबिंगमध्ये नवखा सहसा जमावाच्या आवाजांपासून सुरुवात करतो: बाजारातला गलका, लग्नातली कुजबुज, मोर्चातल्या घोषणा. हे काम कमी दर्जाचे मानणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. माइकपासून किती अंतरावर उभे राहायचे, दुसऱ्याच्या बोलण्यावर आपले बोलणे कसे चढू द्यायचे नाही, डबिंग दिग्दर्शकाची खूण कशी ओळखायची, हे तिथेच शिकायला मिळते, आणि शिकत असतानाच ओळखीही होतात.

गावातही काम आहे आणि ते टाकाऊ नाही. निवडणुकीच्या दिवसांत रिक्षावर भोंगा लावून फिरणारा प्रचार, घंटागाडीवरची सूचना, दुकानांच्या सेलच्या घोषणा, शाळांची स्नेहसंमेलने, गणेशोत्सवातली निवेदने. उल्हासनगरच्या व्यापारी पेठेत तर मराठी, हिंदी आणि सिंधी अशा तीन भाषांत जाहिरात करून घेणारे दुकानदार भेटतात. १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी कुटुंबे वसली, ऑगस्ट १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले, आणि पाच कॅम्पांच्या त्या शहरात सिंधी अजून घराघरांत बोलली जाते. शेजारणीकडून ही भाषा नीट शिकलेल्या मराठी मुलीकडे अंधेरीतल्या अनेकांकडे नसलेली गोष्ट असते. आसपासच्या गावांतल्या आगरी बोलीचेही तसेच आहे. मालिकांना ती बोली हवी असते आणि ती खोटी वाटली की प्रेक्षक लगेच ओळखतो.

व्यवसायाची संघटना मुंबईत आहे. ‘असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स’, म्हणजे एव्हीए, ही डबिंग आणि आवाज कलाकारांची संघटना असून ती ‘फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज’ या चित्रपट कामगारांच्या महासंघाशी जोडलेली आहे. दर, थकलेली देणी, कामाच्या वेळा आणि अलीकडे यांत्रिक आवाज हे तिच्यापुढचे विषय. सभासद व्हावे की नाही हा प्रश्न पहिल्या दोन-चार कामांनंतर टाळू नये. एकट्या कलाकाराने दराबद्दल बोलायचे म्हटले तर पुढचे काम जाण्याची भीती असते. संघटनेने बोलले तर ती बरीच कमी होते. लांबून येणाऱ्याला या आधाराची गरज जवळ राहणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्राने मोठी माणसे गमावली. मुंबई दूरदर्शनवरच्या मराठी बातम्या ज्यांच्या आवाजात महाराष्ट्राने वर्षानुवर्षे ऐकल्या ते प्रदीप भिडे ७ जून २०२२ रोजी गेले. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर गीतमाला सादर करणारे अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. नवोदिताने त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकावीत, पण नक्कल करण्यासाठी नव्हे. शब्द आणि शब्द यांच्यामधली जागा ते कशी सांभाळत हे ऐकावे. आनंदाच्या बातम्याही आहेत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत निवेदनासाठी स्वतंत्र पुरस्कार आहे. ‘महाभारत’ मालिकेतला ‘समय’ म्हणून देश ज्यांना ओळखतो त्या हरीश भिमाणींना ६३ व्या पुरस्कारांत तो मिळाला, तो ‘मला लाज वाटत नाही’ या मराठी माहितीपटासाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ७० व्या पुरस्कारांत सुमंत शिंदे यांना तो ‘मर्मर्स ऑफ द जंगल’ या सोहिल वैद्य यांच्या मराठी माहितीपटासाठी मिळाला. मराठी निवेदनाला बाजार लहान असेल, पण त्याची पातळी लहान नाही.

सर्वांत जास्त लक्ष देण्यासारखी बातमी मात्र यंत्राने बनवलेल्या आवाजांची आहे, आणि तिथे जरा थांबायला हवे. थोड्या ध्वनिमुद्रणावरून एखाद्याच्या आवाजाची प्रतिकृती तयार करणारी साधने आता कोणालाही मिळतात. अमेरिकेतल्या कलाकारांच्या ‘सॅग-आफ्ट्रा’ या संघटनेने १४ जुलै ते ९ नोव्हेंबर २०२३ असा संप केला, त्याच्या मागण्यांत हा विषय होता. व्हिडिओ गेममध्ये आवाज देणाऱ्यांचा वेगळा संप २६ जुलै २०२४ रोजी सुरू झाला आणि तो जवळपास वर्षभर चालला. कलाकाराची संमती आणि प्रतिकृतीचा मोबदला हेच त्या भांडणाचे मूळ होते. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिले. परवानगीवाचून त्यांच्या आवाजाची प्रतिकृती बनवणे आणि तशी साधने लोकांना उपलब्ध करून देणे हे व्यक्तिमत्त्वावरच्या हक्काचे उल्लंघन ठरते, असे न्यायालयाने प्रथमदर्शनी मानले.

हे आदेश महत्त्वाचे असले तरी ते प्रसिद्ध आवाजांसाठी मिळालेले आहेत. ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही अशा कलाकाराने त्यांच्यावर विसंबून राहू नये. त्याच्यासाठी धडा आहे तो पॉल लेरमन आणि लिनिया सेज या न्यूयॉर्कच्या दोन आवाज कलाकारांच्या खटल्यात. इंटरनेटवरच्या एका बाजारात त्यांच्याकडून थोड्या पैशांत ध्वनिमुद्रणे घेतली गेली. ती संशोधनासाठी किंवा चाचणीसाठी आहेत, असे त्यांना सांगण्यात आले होते. पुढे लेरमन यांना एका पॉडकास्टमध्ये आपलाच आवाज ऐकू आला, न बोललेली वाक्ये बोलणारा. मे २०२४ मध्ये दोघांनी यंत्राने आवाज बनवणाऱ्या ‘लोव्हो’ या कंपनीवर दावा लावला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचे व्यापारचिन्हाचे आणि प्रताधिकाराचे बरेच मुद्दे काढून टाकले. पण कराराच्या भंगाचा आणि न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यांखालचा दावा पुढे चालू ठेवला. म्हणजे ज्याबद्दल आधी लेखी बोलणे झाले होते, तेही टिकले. ध्वनिमुद्रण कशासाठी, हा प्रश्न त्यांनी काम घेतानाच संदेशात विचारून ठेवला होता, आणि तोच पुढे कामी आला.

म्हणून नवख्या कलाकाराने मनाशी पक्के धरावे की आवाज विकायचा नसतो, त्याचा ठरावीक वापर करू द्यायचा असतो. कोणते माध्यम, किती काळ, कोणता प्रदेश, कोणती भाषा, आणि यंत्राला शिकवण्यासाठी वापर होणार की नाही, एवढे लिहून घेतल्याशिवाय माइकसमोर उभे राहू नये. मोठा करारनामा मिळाला नाही तर निदान ईमेल किंवा फोनवरचा लेखी संदेश हवाच. कायदा इथे कलाकाराच्या पाठीशी बऱ्यापैकी उभा आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात सादरकर्त्याचे हक्क मान्य आहेत आणि ते ५० वर्षे टिकतात. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीत आणखी एक तरतूद आली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्यावरचा हक्क आपोआप जात नाही. चित्रपटासाठी लेखी संमती दिली की त्या चित्रपटापुरते निर्मात्याला अडवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. छापील करारांत हल्ली ‘सर्व ज्ञात आणि भविष्यातील माध्यमे, जगभर, कायमस्वरूपी’ असे एक वाक्य असते. ते वाचून त्यावर बोलावे. दर वेळी ते बदलून मिळणार नाही. पण विचारणाऱ्याला अधूनमधून यश येते, आणि कंपनीला कळते की समोरच्याने वाचले आहे.

आवाजाचे नमुने गोळा करण्याची कामेही आता निघतात. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात ‘भाषादान’ म्हणून लोक स्वेच्छेने आपला आवाज देतात. मराठी यंत्रांना कळावी यासाठी ते मोलाचे आहे, आणि तिथे काय द्यायचे ते उघड सांगितलेले असते. खाजगी कंपनी तासावर पैसे देऊन शेकडो वाक्ये वाचून घेते तेव्हा गोष्ट वेगळी. आलेल्या पैशांसाठी पुढच्या दहा वर्षांचे काम आपणच बंद करत नाही ना, हे तिथे पाहावे. नेत्यांची किंवा नटांची नक्कल करून प्रचाराचे ध्वनिमुद्रण करायचे कोणी सुचवले तर नकार द्यावा. वरच्या आदेशांनंतर कायदेशीर कारवाईचा धोका खरा आहे, शिवाय आपल्या आवाजाबाबत जे मागायचे ते दुसऱ्याच्या आवाजाबाबत पाळायला नको का?

यंत्राला मराठी अजून नीट येत नाही, आणि इथेच मेहनत घेण्याला वाव आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन च वेगळे, पण लिपीत खूण एकच. ण आणि न, ळ आणि ल, श आणि स यांतला फरक पाळणारा आवाज दिग्दर्शक दोन वाक्यांत ओळखतो. त्यासाठी रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे, आणि एकच प्रकारचे गद्य नको: बातमी, कायद्याचा मसुदा, बालकथा, शेतीविषयक पत्रक, जुने निबंध. बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयात जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. आवाजाचे काम शिकणाऱ्याला एवढा संग्रह घराजवळ मिळणे ही मोठी सोय आहे, आणि ती वापरली जात नाही याचे वाईट वाटते.

घरून ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत २०२० च्या टाळेबंदीनंतर रुजली, त्यामुळे कल्याणपलीकडच्यांचे बरेच फेरे वाचले. महागड्या माइकआधी खोली सुधारावी. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, जाड पडदे, गादी यांनी घुमणे बरेच थांबते. पंखा बंद, फ्रिज दूर, इन्व्हर्टरची घरघर तपासलेली. रुळांपासून लांबची खोली आणि रात्री अकरानंतरची वेळ बरी, फक्त जून ते सप्टेंबर पत्र्यावरच्या पावसाला उपाय नाही, त्या महिन्यांत मुदती सैल मागाव्यात. महावितरणच्या देखभालीचा दिवस आधी पाहूनच काम स्वीकारावे. बोलत्या पुस्तकांसाठी ध्वनिमुद्रणातला पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली असावा असा दंडक बऱ्याच ठिकाणी मागतात. सामान्य घरात तो गाठता येतो, पण मोजून पाहावा लागतो.

पैशांचे व्यवहार पहिल्या कामापासून लिहावेत. व्यावसायिक सेवेच्या बिलावर १० टक्के कर मुळातच कापला जातो. एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षात ५० हजारांहून जास्त मिळाले तर ही कपात होते, आणि देय करापेक्षा जास्त कापले गेले असेल तर ते विवरणपत्र भरून परत मागता येते. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे. ती केलेल्या सूक्ष्म सेवा उद्योगाला अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. ही नोंदणी काम करण्यापूर्वीची असावी, मागाहून करून जुन्या थकबाकीला तिचा उपयोग होणे कठीण. काम मिळवून देण्याची हमी देऊन आधी हजारो रुपये मागणाऱ्या वर्गांपासून दूर राहावे. कोऑर्डिनेटर आपला वाटा मिळालेल्या मोबदल्यातून घेतो, काम देण्याआधी नव्हे. प्रत्येक बिलावर कामाचे नाव, तारीख, भाषा आणि ठरलेला वापर लिहावा, आणि त्याची प्रत जपून ठेवावी.